बंद हुकूम

गुरुद्वाऱ्यातल्या जोडाघराच्या खिडकीत चपला सरकवताना नीरजाचं लक्ष फोनमध्ये होतं. रविवार असूनही कारखान्यातून कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि ती अंगठ्याने उत्तर देत होती. दुसऱ्या हाताने चपला पुढे केल्या, आतून एका हाताने त्या घेतल्या, आणि तिची नजर सहज त्या हातावर गेली. मनगटात लोखंडी कडं, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. ही करंगळी तिच्या ओळखीची होती. रोज संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात बाकीची बोटं कणीक तिंबतात आणि ही एकटी बाहेर राहते. हात तिच्या सासूबाईंचा होता, बीजींचा. बीजींनी मान वर केली नाही. जोडाघरात बसणारे येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, कुणाच्या चपला आपण उचलतोय हे कळू नये म्हणून. हे तिला कधीतरी तेजिंदरने, म्हणजे नवऱ्याने, सांगितलं होतं आणि तिने ते नेहमीप्रमाणे अर्धवट ऐकलं होतं. बीजींनी तिच्या चपला मांडीवरच्या फडक्याने पुसल्या, टाचेखाली चिकटलेला चिखल नखाने काढला, फळीवर ठेवल्या आणि पितळेचा बिल्ला बाहेर सरकवला. नीरजाच्या तोंडून हाक निघणार, एवढ्यात बीजींच्या शेजारी बसलेल्या जाड चष्म्याच्या बाईने त्यांना विचारलं, "आवाज कब तक आयेगी, भैणजी? डॉक्टर क्या बोलता है?" बीजी खाली बघतच म्हणाल्या, म्हणाल्या कसल्या, नुसती हवा सोडली, "जैसा हुकम." मागून कुणाचे तरी बूट पुढे आले आणि नीरजा बाजूला झाली.

डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला, तिच्या माहेरी एखाद्याला चुकून पाय लागला तरी त्याच्या अंगाला हात लावून नमस्कार करायची रीत. मोठ्या माणसाने धाकट्याच्या चपलेला हात लावला तर धाकट्याला पाप लागतं, असं आई अजून म्हणते. तेव्हा खरं तर नीरजाने त्या चपलांनीच हादरायला हवं होतं. ती हादरलीही. पण पायऱ्यांपाशी पाण्याच्या पन्हाळीतून पाय ओले करून, डोक्यावर ओढणी ओढून, दरबाराच्या दालनात मागच्या खांबाला टेकून बसल्यावर तिच्या लक्षात आलं की छातीत जे धडधडतंय ते चपलांचं नाही, त्या दोन शब्दांचं आहे. कारण ते शब्द तिचे होते. बीजींनी ते आजवर तिलाच म्हटले होते, असं ती धरून चालली होती. "बीजी, तेजीचं बीपी वाढलंय, भाजीत मीठ कमी टाका." जैसा हुकम. "बीजी, पाहुण्यांना शनिवारी नको, रविवारी बोलवू." जैसा हुकम. पडदे कुठले, फ्रिजमध्ये तूप कुठल्या कप्प्यात, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, प्रत्येकाला तेच उत्तर, तोच मऊ सूर, आणि हाताखालचं काम चालूच. लग्न होऊन कल्याणला आली त्या वर्षीच नीरजाने निदान करून टाकलं होतं की हा टोमणा आहे. सासवांचे टोमणे तिने ऐकलेले होते, मैत्रिणींच्या घरी, बिल्डिंगमध्ये. पण ते खणखणीत असत, त्यांना उत्तर देता येई. हा टोमणा कापसात गुंडाळलेला होता. उत्तर द्यावं तर आपणच भांडखोर ठरणार. आणि आता तोच सूर, तीच मान खाली, एका चष्मेवाल्या बाईसमोर. त्या बाईने बीजींना काय हुकूम केला होता? नुसतं विचारलं तर होतं.

आईला तिने हे तेव्हाच सांगितलं होतं. आई, वासंतीबाई, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली, शब्दाला शब्द लावून बघणारी. म्हणाली, "अगं, मग खोटं काय बोलतात त्या? लहानपणापासून घरात हुकूम सोडत हिंडायचीस. कलेक्टर म्हणायचो आम्ही तुला." नीरजा चिडली होती. हुकूम हा शब्द तिच्या घरात दोनच प्रकारे यायचा. एक हा, तिने सोडायचा. दुसरा पत्त्यांतला. बाबा म्हणजे विश्रामराव, बँकेतून आले की चहा घेऊन पत्ते पिसायला बसायचे. सुट्टीत मेंढीकोट चालायचा, तोही बंद हुकूम. एकाने एक पान उपडं झाकून ठेवायचं, त्याचा रंग तो हुकूम, पण कुठला ते ज्याने झाकलं त्यालाच माहीत. बाकीच्यांनी आपली पानं निमूट खेळायची. नीरजाला ते सहन व्हायचं नाही. ती उशीच्या आडून, पाणी प्यायला उठायच्या निमित्ताने, कसंही करून ते पान बघायची आणि मग ठामपणे खेळायची. बाबांना कळायचं. ते नुसते हसायचे, "नीरू, बघितलंस ना? मग आता खेळण्यात काय मजा?" तिला मजा नको होती, तिला जिंकायचं होतं, आणि जिंकायला काय झाकलंय ते कळायला हवं, एवढं साधं गणित तिचं होतं. बाबा गेले तेव्हाही ती डॉक्टरांच्या मागे लागली होती की नक्की काय झालं, कुठे चुकलं, कोणाचं चुकलं. आई म्हणाली होती, देवाच्या मनात होतं. नीरजाला त्या वाक्याची इतकी चीड आली होती की ती आईशी चार दिवस नीट बोलली नव्हती. बाप गेलेल्या घरात ती आईशी बोलत नव्हती. हे आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

तिचं कामही पुढे तेच झालं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या कारखान्यात ती गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. गोळीचा रंग फिका पडला, बाटलीचं झाकण सैल निघालं, की तिच्या टेबलावर येतं. मग ती माणसांना समोर बसवून विचारते, का झालं. त्याचं उत्तर आलं की त्याचं का. असं खोल खोल जात मूळ कारण काढायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि ते बंद करायचं. मूळ कारण नाही, असं काही नसतं. नीट शोधलं नाही, एवढंच असतं. हे वाक्य तिच्या हाताखालची पोरं तिच्या आवाजात एकमेकांना म्हणून दाखवतात, हे तिला माहीत आहे आणि मनातून ते आवडतंही. तिच्या टेबलावरचा एक नियम असा, की तपासणीचा निकाल स्पष्ट नसेल तर माल नाकारायचा. संशयाचा फायदा मालाला नाही. गेल्या वर्षी बीजींच्या गळ्यातल्या गाठीचा निकाल आला, तोही स्पष्ट नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वाईट काही दिसत नाही, पण शंभर टक्के सांगता येत नाही. काही महिने थांबून परत सोनोग्राफी करू, नाहीतर आत्ताच काढून टाकू. दोन्ही चालेल. ऑपरेशनला आवाजाच्या नसेचा थोडा धोका असतो, तेवढा लक्षात घ्या." नीरजाने तेवढा लक्षात घेतला, म्हणजे ऐकला आणि एका बाजूला ठेवला. बाहेर गाडीत बसल्यावर तेजिंदर म्हणाला, "अगं, तिला विचार ना आधी. गळा तिचा आहे." तेजिंदर असा माणूस, शीळफाट्याला ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, गिऱ्हाईक दहा मिनिटं विचार करत उभं राहिलं तरी त्याला चहा पाजतो. नीरजा म्हणाली, "विचारते की." आणि त्या संध्याकाळी विचारलं.

आता खांबाला टेकून तिने ती संध्याकाळ पुन्हा उलगडली. ही उलगडणी ती वर्षभर करत होती, पण आज त्यात एक नवीन पान निघालं होतं. बीजी ताटात मटार सोलत होत्या. नीरजा समोर बसली, दोन शेंगा हातात घेतल्या आणि म्हणाली, "बीजी, ते ऑपरेशन करून टाकायचं. उगाच टांगती तलवार कशाला? बरोबर ना?" बीजींचा हात थांबला. एक शेंग अर्धी उघडलेली, अंगठा आत, आणि हात थांबलेला. मग अंगठा पुढे सरकला, दाणे ताटात पडले आणि बीजी म्हणाल्या, "जैसा हुकम." नीरजाला नेहमीसारखं झोंबलं. एवढं तुमच्या जिवासाठी करतेय आणि तरी टोमणाच. त्या झोंबण्याच्या भरात ती उठली, फोन लावला आणि तारीख ठरवून टाकली. टोमणा होता म्हणून राग आला, राग आला म्हणून घाई केली, आणि तरी त्या टोमण्यालाच तिने होकार धरलं. म्हणजे एकाच वाक्याचे तिला सोयीचे दोन्ही अर्थ तिने काढले. गाठ साधी निघाली. ठेवली असती तरी चाललं असतं. आवाज मात्र गेला. सुरुवातीला सगळे म्हणाले, येईल, नस दुखावली असेल, वेळ लागतो. आता डॉक्टरही येईल म्हणत नाहीत, सवय झाली का म्हणून विचारतात.

बीजींचा आवाज हा त्या घरातला एक माणूसच होता. जाडसर, घोगरा, तळाशी थोडी साखर. या दरबारात बायकांच्या सत्संगाला त्या पुढे बसून म्हणायच्या तेव्हा पेटीवाला त्यांच्या पट्टीवर पेटी आणायचा. घरी त्या पहाटे उठून पाठ म्हणायच्या. त्यांची खोली आणि नीरजाची खोली यांच्यात एकच भिंत, बिल्डरने काटकसर केलेली. लग्नानंतर पहिली काही वर्षं, मुलगी तान्ही, रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची, जरा डोळा लागतोय तोवर भिंतीतून तो आवाज यायचा. नीरजा उशी कानावर घ्यायची. एका पहाटे, मूल नुकतंच झोपलेलं असताना तो आवाज सुरू झाला, तेव्हा ती अंधारात डोळे उघडे ठेवून अगदी स्पष्ट शब्दांत मनाशी म्हणाली होती, एकदाचा बंद होऊ दे हा आवाज. आणि उठून तिने लोखंडी कपाटाचं दार आपटलं होतं, चादर काढायची म्हणून. चादर नको होती. त्यानंतर हळूहळू तिला जाग यायची थांबली. मूल मोठं झालं, झोप गाढ झाली, असं तिला वाटलं. आता भिंत खरंच गप्प आहे. बीजी अजूनही त्याच वेळेला उठतात, दिवा लावतात, ते दाराखालच्या फटीतून दिसतं. आवाज नाही. आणि नीरजा रोज, रोज त्या वेळेला टक्क जागी होते.

अपराध वाटणारी माणसं कोपऱ्यात बसून रडतात म्हणे. नीरजाला ते जमलं नाही. तिने पश्चात्तापाचाही कार्यक्रम आखला. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई ठाण्याहून आणल्या, वाफेचं यंत्र आणलं, गळ्यात अडकवायचा छोटा माईक आणला, कोमट पाण्याच्या वेळा लिहून फ्रिजवर चिकटवल्या. बीजी सगळं करत होत्या. माईक गळ्यात घालून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि त्यातून फक्त श्वासाचा खरखराट आला, तेव्हा त्या हसल्या आणि माईक काढून वायर गुंडाळून ठेवला. तेजिंदर एकदा म्हणाला, "बस झालं नीरू. तिला जगू दे जरा." नीरजा त्याच्यावर भडकली, तुला काही वाटतच नाही म्हणाली. त्याला वाटत होतं. तो दुकानातून येताना गाडीत आईच्या जुन्या सत्संगाचं रेकॉर्डिंग लावून बसतो आणि वर यायला उशीर करतो, हे वॉचमनने तिला सांगितलं होतं. पण तिने त्यालाही वाटू दिलं नाही. झालं ते माझ्यामुळे झालं, तेव्हा वाटायचं असेल तर मलाच, असा काहीतरी तिचा हट्ट होता. मूळ कारण सापडलं होतं. मूळ कारण नीरजा. तिने त्यावर बोट ठेवलं होतं आणि ते बोट ती उचलायला तयार नव्हती.

पुढे अरदासची प्रार्थना झाली, सगळे उभे राहिले, तीही राहिली, मग सगळे बसले. ग्रंथींनी रेशमी रुमाल बाजूला करून ग्रंथ उघडला, जिथे उघडला गेला तिथून वाचायला लागले. दरवेळी असंच असतं, पान निवडायचं नाही, जे उघडेल ते आजचं. या वाचनाला हुकूमनामा म्हणतात हे नीरजाला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. बाहेर फळ्यावरही तो रोज खडूने लिहिलेला असतो. पण हा हुकूम आणि स्वयंपाकघरातला हुकूम तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत पडून होते, एका खणाची किल्ली दुसऱ्याला लावून बघावी असं तिला कधी सुचलं नव्हतं. आता सुचलं. जैसा हुकम म्हणजे त्याचा हुकूम. वरच्याचा. त्याची मर्जी असेल तसं. मीठ कमी, त्याची मर्जी. पाहुणे रविवारी, त्याची मर्जी. गळा कापायचा, त्याची मर्जी. त्या वाक्यात नीरजा नव्हतीच. इतकी वर्षं ज्या वाक्याची ती मानकरी होऊन बसली होती, जे रोज मनाला लावून घेत होती, त्या वाक्यात तिला साधी उभं राहायलाही जागा नव्हती. लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण थोडी मागून. आधी वाटलं ते वेगळंच होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही: तिला अपमान वाटला. मी यात कुठेच नाही? प्रसाद वाटणारा समोर आला, तिने ओंजळ पुढे केली, गरम शिऱ्याचा गोळा हातावर पडला. तूप मनगटापर्यंत ओघळलं आणि ते पुसायला तिच्याकडे काही नव्हतं.

ती खाली आली तेव्हा लंगरची पंगत बसली होती आणि दारातली गर्दी ओसरली होती. चष्मेवाली बाई जेवायला गेलेली. जोडाघरात बीजी एकट्याच, कट्ट्यावर मांडी घालून, कुणाचा तरी बूट पुसत. नीरजाने बिल्ला खिडकीत ठेवला. बीजी वर न बघता उठल्या, तिच्या चपला काढून आणल्या, आणि मग वर बघून हसल्या.

"तुम्ही मघाशी ओळखलं होतं मला?"

बीजींनी मान हलवली. ओठ हलले. नीरजाला ऐकू आलं नाही. बीजींचं हल्ली ऐकायचं तर जवळ जावं लागतं, आणि खिडकी बुटकी, त्यामुळे तिला कमरेत वाकून डोकं आत घालावं लागलं.

"चप्पल ओळखली," बीजी म्हणाल्या. "रोज दारात ओलांडते ना मी."

"हे कशाला करता, बीजी? गुडघे दुखतात तुमचे."

"इथं बोलावं लागत नाही."

वाकल्यामुळे नीरजाची कंबर भरून आली होती, नाकात चामड्याचा आणि घामाचा वास जात होता. गाडीत, घरी, कधीतरी नीट बसून बोलू, असं ती वर्षभर ठरवत होती. तसं काही झालं नाही. ते इथेच, चपलांच्या वासात, आपोआप बाहेर पडलं.

"माझ्यामुळे झालं, बीजी. सगळं माझ्यामुळे झालं."

"सगळं?"

"हो. मीच ठरवलं. मीच नेलं तुम्हाला."

बीजींनी फडकं झटकलं. "और वो गाठ? ती पण तूच घातलीस माझ्या गळ्यात?" त्यांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. "सगळं तूच केलंस, पुत्तर, तर तो वाहेगुरू बेचारा बसून काय करणार?"

नीरजा हसली नाही. तिला वाटलं, आता थांबले तर कायमची थांबेन. "तेवढंच नाही. तुमचा सकाळचा पाठ. मला तो नको व्हायचा. बंद होऊ दे हा आवाज, असं मी मनात म्हटलेलं एकदा."

"माहीत आहे," बीजी म्हणाल्या. "कपाट वाजलेलं."

भिंतीपलीकडचा आवाज आपली झोप गाढ झाल्यामुळे थांबला नव्हता, हे नीरजाला त्या दोन शब्दांत कळलं. "म्हणून तुम्ही हळू म्हणायला लागलात?"

"हळू म्हटलं तरी त्याला ऐकू येतं. तुझी झोप कशाला मोडायची?" बीजींनी ते इतकं साधेपणाने म्हटलं की नीरजाला वाटलं, यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला रडू येत होतं आणि रडणंही आपल्याला शोभत नाही असं वाटत होतं. काहीतरी एक तरी चांगलं आपल्या पदरात पडावं म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "आणि ते जैसा हुकम. मला इतकी वर्षं वाटायचं तुम्ही टोमणा मारता मला. आज वर बसले तेव्हा कळलं. तुम्ही त्याला म्हणत होतात."

हातातली नीरजाची चप्पल पुसून झालेली होती, ती बीजींनी पुन्हा पुसायला घेतली. अंगठ्याने पट्ट्याची शिवण चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "टोमणाच होता."

नीरजाने डोकं आणखी आत घातलं.

"शुरू शुरू में," बीजी म्हणाल्या. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "तू आलीस. माझं किचन बघता बघता तुझं झालं. भांडायला तुझ्यासारखं बोलता येत नव्हतं मला, ना मराठीत, ना कशात. तो मैं बोलती थी, जैसा हुकम. जळून बोलायची. देवाचं नाव पुढं करून तुला मारायची. रोज. मग बोलत बोलत कधी खरं झालं, कळलं नाही. तुला बोलतेय का त्याला, मलाच कळायचं नाही."

"आणि त्या दिवशी? आपण मटार सोलत होतो तेव्हा?"

"त्या दिवशी डर वाटत होता."

"मग नको का नाही म्हणालात?"

"तू विचारलं कुठं? तू सांगितलंस." डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. "आणि मी पण जरा अकडले. हिला नको म्हणायला माझी जीभ कशाला झिजवू, म्हटलं. माझं पण होतं थोडं."

वर लंगरात भांडी वाजत होती. नीरजा तशीच वाकून उभी होती. वर्षभर तिने जे डोंगराएवढं करून ठेवलं होतं ते आता एवढंसं होऊन समोर आलं: तिने विचारलं नाही, सांगितलं. गाठ तिची नव्हती, नस तिची नव्हती, बीजींची अकडही तिची नव्हती. तिचा वाटा एवढाच होता आणि तो पूर्ण तिचा होता. डोंगर उचलून हिंडणं तिला जमलं होतं, त्यात एक रुबाब होता. हे एवढंसं हातात घेऊन घरी जायचं होतं, आणि ते जास्त टोचत होतं. तिला क्षमा मागायची होती. पण बीजींनी चपला खिडकीच्या फळीवर, टाचा तिच्याकडे करून, घालायला सोप्या पडाव्यात अशा ठेवल्या आणि पुढच्या माणसाचा बिल्ला घ्यायला हात पुढे केला. नीरजाने चपला छातीशी धरून बाहेर नेल्या. पायात घालायला तिला थोडा वेळ लागला.

चष्मेवाली बाई जेवून आली तशा बीजी खाली उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्यांपाशी आल्या. गाडी समोरच होती. एरवी नीरजाने दार उघडून धरलं असतं आणि म्हटलं असतं, चला बीजी, पत्रीपुलाला ट्रॅफिक लागेल. आज ते शब्द तोंडात येऊन थांबले. ती उभी राहिली. बीजीही उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत, एक किल्ली हातात घेऊन आणि एक ओढणी सावरत. उन्हात एक रिक्षावाला त्यांच्याकडे बघून हॉर्न देऊन गेला.

"निघायचं का, बीजी?" नीरजा म्हणाली. "की अजून बसायचंय? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं." आपला हा आवाज तिला परक्या बाईचा वाटला.

बीजींनी तोंड वाकडं केलं. "अब ये मत कर. पाय दुखतायत माझे. सरळ बोल."

"चला, बीजी."

"जैसा हुकम," बीजी म्हणाल्या.

नीरजाने कान देऊन ऐकलं. त्यात दोन्ही होते.